वाभाडे काढणारी मोटार-परीक्षणे

जी मोटार पन्नास वर्षांपूर्वीच बाजारातून गेली, जिचे सुटे भागही आता मिळत नाहीत, तिचे परीक्षण आज कोणी कशासाठी वाचावे? व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर त्याचा उपयोग शून्य. तरीही ब्रिटन-अमेरिकेतील जुन्या मोटार-मासिकांचे अंक जपून ठेवणारे आणि एखाद्या हरवलेल्या अंकासाठी जुन्या बाजारात खेटे घालणारे वाचक आजही आहेत. त्यांतील कित्येकांना यंत्राच्या तपशिलात फारसा रस नसतो. त्यांना हवी असते ती भाषा. एखाद्या बड्या कंपनीची नवीकोरी गाडी हाती घ्यायची, तिच्या स्टीअरिंगपासून डिकीपर्यंत सगळ्याची झाडाझडती घ्यायची आणि हसत-हसवत तिचे वाभाडे काढायचे, ही कला त्या मासिकांनी काही दशके वैभवात ठेवली होती. तिच्या आठवणीने उसासे टाकणारे म्हणतात, की तसे लिहिणारे आता उरले नाहीत. हे अर्धेच खरे आहे. लिहिणारे असतीलही, तसे लिहिणे ज्या परिस्थितीत शक्य होते, ती परिस्थिती मात्र बदलली आहे.

मोटारीचे परीक्षण जन्मतः फटकळ नव्हते. ‘ऑटोकार’ हे ब्रिटिश नियतकालिक १८९५ मध्ये सुरू झाले आणि १९२८ पासून ते नियमित, पद्धतशीर ‘रोड टेस्ट’ छापू लागले. वेग, ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारे अंतर, पेट्रोलचा खप अशा गोष्टी मोजून छापण्याची शिस्त तिथे रुजली. भाषा मात्र कमालीची सोज्वळ होती. गाडीत दोष असलाच तर तो मऊ सुतात गुंडाळून असा सांगायचा, की कंपनीला टोचू नये आणि जाणत्या वाचकाला कळावे. आपल्याकडे लग्न जुळवणारे मध्यस्थ ‘मुलगा शांत स्वभावाचा आहे’ म्हणतात, तेव्हा ऐकणारा मनात जे समजायचे ते समजतो; तशातलाच हा प्रकार. ब्रेक ‘पुरेसे’ आहेत असे छापून आले, की शहाण्याने ती गाडी घाटात नेण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

ही भीड मोडणाऱ्यांत पहिले मोठे नाव अमेरिकेतील टॉम मकॅहिल यांचे. ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ या मासिकात त्यांनी १९४६ मध्ये परीक्षणे लिहायला सुरुवात केली. महायुद्ध नुकतेच संपले होते. युद्धकाळात खासगी मोटारींचे उत्पादन बंद होते, त्यामुळे लोक गाड्यांसाठी आसुसलेले होते आणि कंपन्या युद्धापूर्वीचेच नमुने थोडी रंगरंगोटी करून विकत होत्या. चाके असलेले काहीही खपेल, असा तो काळ. अशा वेळी कोणी दोष दाखवावेत, ही कंपन्यांची अपेक्षाच नव्हती. मकॅहिल यांनी ते काम अंगावर घेतले. त्यांच्या उपमा भन्नाट असत. गाडीचे वागणे सांगताना ते स्वयंपाकघर, सर्कस, शिकारखाना, कुठूनही दाखला उचलत आणि वाचक हसता हसता नेमका दोष लक्षात ठेवी. डिकी किती मोठी आहे हे घनफुटांत सांगण्याऐवजी आपल्या सहकाऱ्याला तिच्यात आडवे झोपवून त्याचे छायाचित्र छापत. थांबलेल्या गाडीने ताशी ६० मैलांचा, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटरचा वेग किती सेकंदांत गाठला, हे मोजण्याची पद्धत रूढ करण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. आज कोणत्याही गाडीच्या माहितीपत्रकात हा आकडा ठळक अक्षरांत असतो. कंपन्या ज्याची आता जाहिरात करतात, तो आकडा लोकप्रिय झाला तो त्यांचे दावे तपासणाऱ्या एका लेखकामुळे!

ब्रिटनमध्ये हे वारे पोहोचायला साठचे दशक उजाडावे लागले. १९६२ मध्ये लहान मोटारींना वाहिलेले एक मासिक तिथे निघाले आणि १९६५ मध्ये त्याने ‘कार’ असे सुटसुटीत नाव घेतले. दोन-तीन गाड्या एकत्र चालवून, एकीला सरळ विजयी आणि दुसरीला सरळ पराभूत ठरवणारी त्यांची तुलनात्मक परीक्षणे गाजली. पण ‘कार’चे चाहते आजही सर्वाधिक हळवे होतात ते अंकाच्या शेवटी येणाऱ्या एका यादीच्या आठवणीने. गाजलेल्या पाश्चात्त्य चित्रपटाचे नाव उसने घेऊन तिला ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ म्हटले जाई. बाजारातील प्रत्येक गाडीला जेमतेम दोन-तीन ओळी. बाजूचे मुद्दे, विरोधातले मुद्दे आणि निष्कर्ष. गाडी दिसायला बरी पण गंजते, चालते छान पण आतून स्वस्त वाटते, हे सगळे तारेच्या मजकुरासारखे काटकसरीने सांगायचे आणि शेवटच्या दोन शब्दांत टपली मारायची. जागा जितकी कमी तितकी धार जास्त, हे वृत्तपत्रात मथळे देणाऱ्या कोणालाही पटेल.

याच मासिकातील एल. जे. के. सेटराइट हे वेगळेच रसायन होते. १९३१ ते २००५ हा त्यांचा जीवनकाळ. शिक्षण कायद्याचे, छंद सनईसारख्या क्लॅरिनेट या वाद्याचा, धर्माचरण कर्मठ ज्यू पद्धतीचे, दाढी ऋषितुल्य आणि बोटांत सदैव सिगारेट. त्यांच्या लेखात लॅटिन वचने, संगीत, इतिहास आणि टायरच्या रबराचे गुणधर्म एकाच परिच्छेदात सुखाने नांदत. वाचकाला समजेल का, याची ते फिकीर करत नसत. वाचकाने वर यावे, अशी त्यांची अपेक्षा असे. पण या थाटामागे पक्के ज्ञान होते. इंजिने आणि त्यांचे अभियंते यांवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिले. जपानी गाड्यांना ब्रिटनमध्ये नाके मुरडली जात असताना होंडाच्या अभियांत्रिकीचे त्यांनी उघड कौतुक केले. केवळ चुरचुरीत लिहिणारे पुष्कळ असतात, पण गाडीचे सस्पेन्शन का चुकले हे सांगता येणारा जेव्हा विनोद करतो, तेव्हा त्या विनोदाला कंपनीकडे उत्तर नसते.

अटलांटिकच्या पलीकडे ‘कार अँड ड्रायव्हर’ या मासिकाने तर जाहिरातदारांशी उघड पंगा घेतला. फेब्रुवारी १९६८ च्या अंकात ओपेल कॅडेट या गाडीचे परीक्षण आले. ओपेल ही तेव्हा जनरल मोटर्सची जर्मन कंपनी होती; आणि जनरल मोटर्स म्हणजे त्या काळी जगातील सर्वांत मोठी मोटार कंपनी. परीक्षणात गाडीची सालटी काढलेली होतीच, पण तिची छायाचित्रे कुठे काढावीत? भंगारवाड्यात! मोडक्या गाड्यांच्या ढिगाऱ्यात उभी असलेली नवीकोरी ओपेल पाहून जनरल मोटर्सचा संताप झाला आणि तिने मासिकाच्या जाहिराती काही महिने बंद केल्या. मासिक मात्र बंद पडले नाही. त्याच वर्षी एप्रिलच्या अंकात ब्रॉक येट्स यांनी डेट्रॉइटच्या मोटार-साहेबांवर लेख लिहिला. एकाच श्रीमंत उपनगरात राहणारी, एकाच क्लबात जेवणारी ही मंडळी स्वतःच्या गाड्यांपलीकडचे जगच पाहत नाहीत, असा त्याचा आशय होता. जपानी कंपन्यांनी पुढल्या पंधरा वर्षांत अमेरिकी बाजारात जी मुसंडी मारली, ती पाहता हा लेख विनोदापेक्षा भविष्यवाणीच ठरला.

आणि याच अंकात डेव्हिड ई. डेव्हिस यांचे बीएमडब्ल्यू २००२ या मोटारीवरील परीक्षण होते. चर्चमध्ये प्रार्थना-पुस्तक उघडण्यास सांगावे, तशा आवेशाने त्यांनी वाचकांना या छोट्या, चौकोनी जर्मन गाडीचा भक्तिमार्ग दाखवला. त्यांची स्तुतीही टीकेइतकीच निर्भीड होती. बीएमडब्ल्यू हे नाव अमेरिकेत फारसे कोणाला ठाऊक नसताना हे परीक्षण आले आणि ती गाडी नावारूपाला येण्यात त्याचा वाटा मोठा मानला जातो. पण स्तुतीच्या भरात गाडीतील ब्लाउपुंक्ट रेडिओला त्यांनी जाता जाता झोडपले. रेडिओ कंपनी बिथरली आणि प्रकरण डेव्हिस यांच्या गच्छंतीपर्यंत गेले, असा किस्सा अमेरिकी पत्रकारितेत सांगितला जातो. पुढे १९७६ मध्ये ते त्याच मासिकात संपादक म्हणून परतले आणि १९८६ मध्ये त्यांनी ‘ऑटोमोबाइल’ हे स्वतंत्र मासिक काढले.

हे धाडस परवडत असे, याचे कारण केवळ छातीचा कोट हे नव्हे. त्या काळी ही मासिके लाखोंच्या संख्येने विकत घेतली जात. एखादा मोठा जाहिरातदार रुसला तरी स्टॉलवर येणारा ग्राहक पदरचे पैसे टाकून अंक नेई, आणि जाहिरात बंद झाल्याची बातमी फुटली तर उलट मासिकाची पत वाढे. दुसरे म्हणजे, टीका करण्याजोग्या गाड्या मुबलक होत्या. ऑस्टिन अलेग्रो या ब्रिटिश गाडीला १९७३ मध्ये चक्क चौकोनी वाटावे असे स्टीअरिंग बसवले होते; ते दोनेक वर्षांतच काढून टाकावे लागले. लॅन्शिया बीटा या सुंदर इटालियन गाडीचा सांगाडा असा गंजू लागला, की १९८० मध्ये कंपनीला ब्रिटनमधील ग्राहकांकडून जुन्या गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. अशा वेळी फटकळ परीक्षण ही करमणूक नसते. वर्षभराची कमाई गाडीत घालणाऱ्या मध्यमवर्गीयाला वेळेवर मिळालेला तो इशारा असतो.

अर्थात, जुने ते सारे सोने असे मानण्याचे कारण नाही. फटकळपणा म्हणजे प्रामाणिकपणा, हे समीकरण त्या काळीही नेहमी जुळत नसे. मार्च १९६४ मध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’ने पाँटिअॅक जीटीओ आणि फेरारी जीटीओ यांची तुलना छापून खळबळ उडवली. प्रत्यक्षात फेरारी त्यांनी समोरासमोर चालवलीच नव्हती, आणि पाँटिअॅकच्या पोटात बाजारातल्यापेक्षा मोठे इंजिन दडवले होते. पाँटिअॅकच्या जाहिरातींचे काम पाहणारे जिम वँगर्स यांनीच पुढे, तीन दशकांनंतर, आपल्या आठवणींत हे कबूल केले. ‘मोटर ट्रेंड’ या दुसऱ्या मासिकाने तर शेव्हरोले व्हेगाला १९७१ ची सर्वोत्कृष्ट मोटार ठरवले. गंज आणि इंजिनाचे बिघाड यांमुळे व्हेगा पुढे बदनाम झाली. शेव्हरोले कॉर्व्हेअरलाही १९६० मध्ये तोच मान मिळाला होता. तिच्या मागील चाकांच्या रचनेतील धोका सामान्य लोकांपर्यंत पोहोचवला तो १९६५ मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाने, आणि मोटारप्रेमी लेखकांपैकी अनेकांनी त्याचीच टर उडवली. बायकांवरचे स्वस्त विनोद हाही या लेखनाचा एक न विसरावा असा भाग. आज ते वाचताना पान पटकन उलटावेसे वाटते.

आपल्याकडे हे लेखन पोहोचले ते बहुधा रद्दीच्या वाटेने. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर परदेशी मासिकांचे जुने अंक मांडलेले असत, आणि न पाहिलेल्या गाड्यांची परीक्षणे इथला वाचक एखाद्या प्रवासवर्णनासारखी वाचत असे. घरच्या गाड्यांवर असे लिहिण्यात हशीलच नव्हते. अॅम्बेसेडर, पद्मिनी आणि काही काळ स्टँडर्ड, एवढीच निवड. तीही वर्षानुवर्षे नंबर लावून. जिथे ग्राहकाला ‘नको’ म्हणण्याची सोय नाही तिथे परीक्षण कोणासाठी लिहायचे? म्हणून आपले फटकळ परीक्षण तोंडी राहिले. अॅम्बेसेडरचा हॉर्न सोडून बाकी सगळे वाजते, हा विनोद कोणत्या मासिकात छापून आला नव्हता, तो गॅरेजमधल्या मिस्त्रीच्या तोंडी होता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, नव्वदच्या दशकात परदेशी कंपन्या आल्या, आणि मग १९९८ मध्ये ‘ओव्हरड्राइव्ह’, १९९९ मध्ये ‘ऑटोकार इंडिया’ अशी मासिके उभी राहिली. निवड आली, तेव्हाच परीक्षण आले.

विरोधाभास असा, की याच सुमारास पाश्चात्त्य देशांत ती जुनी धार बोथट होत चालली होती. मुख्य कारण म्हणजे गाड्या सुधारल्या. गंज, गळके छप्पर, सकाळी चालू न होणारे इंजिन हे दोष हळूहळू संपले. वाईट गाडीवर लिहिणे सोपे. बऱ्या पण बेचव गाडीवर लिहिणे महाकठीण. ‘टॉप गिअर’मुळे जगप्रसिद्ध झालेले जेरेमी क्लार्कसन यांनी १९९५ मध्ये व्हॉक्सहॉल व्हेक्ट्राचे परीक्षण करताना, हिच्याविषयी सांगण्यासारखे काहीच नाही, हेच प्रेक्षकांना सांगितले. कंपनीला ते शिवीगाळीपेक्षा झोंबले. दुसरे कारण पैशाचे. नव्या गाडीच्या अनावरणासाठी पत्रकारांना दूरदेशी, उंची हॉटेलात नेण्याची प्रथा वाढली. मजकूर अमुक तारखेपूर्वी छापायचा नाही, अशा अटी आल्या. ज्याने टीका केली, त्याला पुढच्या वेळी बोलावणे येईलच असे नाही. भीड ही भिकेची बहीण, हे आपल्या पूर्वजांनी उगीच म्हटलेले नाही. जाहिरातींचा बडगा तर होताच. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चे डॅन नील यांना मोटार-समीक्षेसाठी २००४ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी त्यांनी पाँटिअॅक जी६ वर लिहिताना थेट जनरल मोटर्सच्या प्रमुखांवरच निशाणा साधला, तेव्हा कंपनीने त्या दैनिकाच्या जाहिराती काही महिन्यांसाठी काढून घेतल्या.

या सगळ्यातून सुटण्याचा मार्ग एका अमेरिकी संस्थेने फार पूर्वी शोधला होता. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ हे ग्राहक-मासिक जाहिराती घेत नाही आणि परीक्षणाच्या गाड्या बाजारातून, स्वतःच्या पैशाने विकत घेते. १९८८ मध्ये त्याने सुझुकी सामुराई ही जीप वळणावर उलटण्याचा धोका असल्याचे सांगत नापास केली. सुझुकीने १९९६ मध्ये खटला भरला, तो २००४ मध्ये तडजोडीने मिटला. विनोदाच्या दृष्टीने हे मासिक अगदी कोरडे, सरकारी अहवालासारखे. त्याचे जुने अंक कोणी उशाशी घेऊन झोपत नाही. पण गाडी कोणाची आणि तिचे पैसे कोणी दिले, हा प्रश्न लेखनशैलीच्याही आधी येतो, हे त्याने दाखवून दिले.

तो प्रश्न आजही तसाच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मार्केस ब्राउनली या अमेरिकी तरुणाने आपल्या यूट्यूब वाहिनीवर फिस्कर ओशन ही विजेवरची मोटार, आपण पाहिलेली सर्वांत वाईट गाडी, अशा शब्दांत निकालात काढली. कंपनी आधीच आर्थिक अडचणीत होती, तिने जूनमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. ब्राउनली यांच्या भाषेत सेटराइट यांचे लॅटिन नव्हते की मकॅहिल यांच्या उपमा नव्हत्या. पण ती गाडी त्यांनी कंपनीकडून घेतलेली नव्हती. एका विक्रेत्याकडून मागून आणली होती.