पोळांमधली जुनी घरं आणि पाहुण्यांच्या खोल्या

जुन्या वस्तीतल्या घरांची डागडुजी करून तिथे पाहुणे उतरवायचे म्हटलं की पहिली शंका घराच्या ताकदीबद्दल निघते. लाकडाचं, शंभर-दीडशे वर्षांचं घर परक्या माणसांना राहायला कसं द्यायचं? अहमदाबादमध्ये या शंकेची परीक्षा 26 जानेवारी 2001 रोजी झाली. भूजच्या भूकंपाने त्या शहरात शेकडो जीव घेतले, ते मुख्यतः नव्या वस्त्यांमधल्या काँक्रीटच्या इमारती कोसळून. त्यांतल्या अनेकांचा तळमजला गाड्यांसाठी मोकळा सोडलेला होता. कोटाच्या आतल्या पोळांमधली, म्हणजे एकेका दरवाजामागे दाटीने वसलेल्या गल्ल्यांमधली, बहुतेक पारंपरिक घरं उभी राहिली. तिथल्या विटांच्या भिंतींत लाकडाचे आडवे पट्टे घालून ते खांब-तुळयांशी जोडलेले असतात. हादरा बसला की सांधे थोडे हलतात, भिंतीला तडे जातात, पण सांगाडा एकदम खाली येत नाही. अर्थात वाळवीने पोखरलेल्या तुळईवर हा भरवसा ठेवता येत नाही. घर धोक्याचं होतं ते वयामुळे नव्हे, देखभाल थांबल्यामुळे; आणि देखभालीला पैसा लागतो.

हा पैसा पाहुण्यांकडून मिळू शकतो, पण तो चुकीच्या दुरुस्तीवर गेला तर घर आणखी लवकर जातं. भिंत मजबूत करायची म्हणजे सिमेंटचा गिलावा करायचा, हा समज फार पक्का आहे. जुनी वीट आणि चुना ओल शोषतात आणि पुन्हा हवेत सोडतात. वरून सिमेंट चढवलं की ओल आत कोंडते, भिंतीत घुसलेल्या तुळयांच्या टोकांपर्यंत पोहोचते आणि लाकूड नजरेआड कुजत राहतं. म्हणून चुन्याचा गिलावा ही हौस नव्हे, गरज आहे. खरी कसोटी न्हाणीघरांची. प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर हवं, ही आजच्या पाहुण्याची अपेक्षा. पण लाकडी तक्तपोशीच्या मजल्यावर रोजची गळती म्हणजे त्या मजल्याचा शेवट. न्हाणीघरं एकावर एक, घराच्या एकाच बाजूला घ्यावीत आणि नळ भिंतीत न पुरता उघडे ठेवावेत, म्हणजे गळती लगेच दिसते. यात खोल्या कमी निघतात. ते मान्य करूनच हिशेब मांडायला हवा.

वारसा यादीत घर गेलं की मालकाला खिळाही ठोकता येत नाही, ही भीतीही सार्वत्रिक आहे. बदलांना परवानगी लागते, हे खरं. बदल बंद होत नाहीत. उलट, अहमदाबादमध्ये यादीतल्या घराच्या मालकाला न वापरलेला बांधकामाचा हक्क, म्हणजे टीडीआर, विकून दुरुस्तीचा खर्च उभा करण्याची सोय ठेवली आहे. पाहुणे उतरवण्याचा उद्योग फक्त शेठ-सावकारांच्या वाड्यांना परवडतो असंही नाही. लाल दरवाजाजवळचं मंगलदास गिरधरदास यांचं 1924 सालचं घर आज मोठं हॉटेल आहे, हे खरं. पण ढाळनी पोळमधली फ्रेंच हवेली मोजक्या खोल्यांवर चालते.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे: पाहुणे आले की रहिवासी जातात. तो झटकून टाकता येत नाही. व्हेनिसच्या जुन्या शहरात 1951च्या सुमारास पावणेदोन लाख लोक राहत. 2022मध्ये तो आकडा पन्नास हजारांखाली गेला. बार्सिलोनाने 2028पर्यंत पर्यटकांच्या सदनिकांचे दहा हजारांवर परवाने संपवण्याचं जाहीर केलं आहे. पण अहमदाबादच्या पोळांमधून कुटुंबं साबरमतीपलीकडे गेली ती 2017मध्ये जागतिक वारसा शहराचा मान मिळण्याच्या कितीतरी आधी, आणि त्यांच्या घरांमध्ये गोदामं आली. रिकामं घर आणि गोदाम यांच्या तुलनेत चार पाहुण्यांच्या खोल्या नक्कीच बऱ्या, पण वरच्या मजल्यावर कुटुंब राहत असेल तरच. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या घरगुती निवास योजनेत ही अट आहेच: जास्तीत जास्त सहा खोल्या आणि मालकाचा मुक्काम त्याच घरात. माझ्या मते जुन्या वस्तीत सरसकट हाच नियम हवा. अख्खं घर भाड्याने देणारा परवाना नको.

पुण्याच्या पेठांमध्ये मात्र एवढ्याने भागणार नाही. तिथे एका वाड्याला अनेक वारसदार आणि जुन्या भाड्यावर राहणारी बिऱ्हाडं असतात. वाडा पाडून इमारत झाली तर भाडेकरूला फ्लॅट मिळतो; वाडा राखला तर त्याच्या हाती काहीच पडत नाही. मग तो वाडा पाडण्याच्या बाजूने उभा राहिला तर त्याला दोष देता येणार नाही. पाहुण्यांच्या उत्पन्नात आणि टीडीआरच्या पैशात त्याचा वाटा आधी कागदावर ठरला, तरच दुरुस्तीचा पर्याय त्याच्या दृष्टीने फ्लॅटच्या बरोबरीला येईल.