वॅक्सचा डबा आणि उघडा हात

आपल्या वस्तीतली कितीतरी पोरं गाड्या धुण्याच्या, पॉलिशच्या कामावर जातात. त्यांतले बरेच जण वॅक्स बोटांवर घेऊन थेट गाडीवर चोळतात. उस्ताद सांगतो, हाताच्या उबेनं वॅक्स मऊ होतं, पातळ लागतं, मातीचा कण आला तर बोटाला लगेच कळतो. ते खोटं नाही. पण कार्नौबा मेण मुळात फार कडक, ८० अंशांच्या वर वितळणारं. अनेक डब्यांत ते मऊ ठेवायला रॉकेलच्या जातीचं द्रावण घातलेलं असतं, आणि तेच कातडीचं तेल ओढून घेतं. एखाद्या गाडीनं बिघडत नाही. रोज आठ-दहा गाड्या केल्या की बोटं कोरडी पडतात, भेगा पडतात, खाज सुटते. पुढे इसबही होतो.

फोमचा पॅड वापरा, वॅक्सही कमी लागतं. पॅड जमिनीवर पडला तर मात्र बदला, नाहीतर रंगावर ओरखडे उठतील आणि बोलणी तुम्हालाच. हातमोजे नायट्राइलचे घ्या. साधे रबरी या द्रावणानं फुगतात. काम संपल्यावर पेट्रोलनं हात धुण्याची खोड तर सोडाच, ती वॅक्सपेक्षा वाईट. साबण-पाणी, मग खोबरेल. तरी भेगा भरल्या नाहीत तर सरकारी दवाखान्यात दाखवा, आणि काम काय करता तेही डॉक्टरांना सांगा.