दिसायला रणगाडा, पण काम तोफेचे!
पोलादी पट्ट्यांवर धावणारे अवजड धूड, वर गोल फिरणारा मनोरा आणि त्यातून पुढे आलेली लांब नळी. 'के-९ वज्र' पाहणारा सामान्य माणूस तिला रणगाडाच म्हणणार. ९ नोव्हेंबर २०१८ रोजी नाशिकजवळच्या देवळालीत झालेल्या समारंभात ती लष्करात दाखल झाली. प्रत्यक्षात ती आहे स्वयंचलित तोफ. हा फरक नुसता नावाचा नाही. दोन्ही दलांचे युद्धशास्त्र आणि प्रशिक्षण त्यामुळेच वेगळे झाले आहे.

रणगाड्यातील जवान समोर दिसणाऱ्या लक्ष्यावर थेट नेम धरतो. शत्रूच्या नजरेसमोर लढायचे असल्याने त्याचे चिलखत जाड असते. टी-७२ रणगाड्यात तिघे असतात आणि त्यांचा मारा प्रामुख्याने काही किलोमीटरच्या टप्प्यातला. 'वज्र'मध्ये पाच जण बसतात, तिची नळी १५५ मिलिमीटरची आहे आणि पल्ला ३८ किलोमीटरच्या आसपास. एवढ्या अंतरावरचे लक्ष्य तोफेवरच्या कोणालाच दिसत नाही.

रणगाडा दलाचे शिक्षण अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, १९४८ पासून चालते. १८१७ मध्ये घोडदळ म्हणून उभी राहिलेली आणि १९६५ व १९७१ च्या युद्धांत प्रत्येकी एक परमवीरचक्र मिळविणारी 'पूना हॉर्स' ही याच चिलखती दलातील रेजिमेंट. नाशिकच्या वाट्याला मात्र तोफखाना आला.

या तोफखान्याचे मूळही मुंबई इलाख्यातच आहे. २८ सप्टेंबर १८२७ रोजी मुंबईच्या गोलंदाज पलटणीची एक कंपनी उभारण्यात आली. पुढे ती पाचवी (बॉम्बे) माउंटन बॅटरी म्हणून ओळखली गेली आणि हाच दिवस आजही 'गनर्स डे' म्हणून पाळला जातो. (क्रिकेटच्या मैदानावर गेलेला 'गोलंदाज' मुळात तोफेवरचा!) १८५७ च्या उठावानंतर ब्रिटिशांनी डोंगरी तोफा वगळता भारतीय शिपायांना तोफखान्यापासून दूर ठेवले. तो अविश्वास ओसरायला पाऊणशे वर्षे लागली. भारतीय जवानांची पहिली फील्ड रेजिमेंट उभी राहिली ती १५ जानेवारी १९३५ रोजी. आज पाकिस्तानात असलेल्या काकूल येथील तोफखाना विद्यालय दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देवळालीत आले. नाशिकरोडचे आर्टिलरी सेंटर ही वेगळी संस्था आहे. तेथे भरती झालेले जवान घडतात, तर देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत अधिकारी आणि अनुभवी जवानांना पुढचे शास्त्र शिकविले जाते.

हे शास्त्र म्हणजे न दिसणाऱ्या लक्ष्यावर अचूक गोळा टाकणे. त्यासाठी तीन ठिकाणची माणसे एका सूत्रात बांधावी लागतात. पुढच्या निरीक्षण चौकीवरील अधिकारी लक्ष्य पाहून त्याचे स्थान कळवितो. मागचे नियंत्रण केंद्र नळीची दिशा, तिचा उंचावकोन आणि दारूचे प्रमाण ठरविते. मग तोफेवरील तुकडी गोळा डागते. पहिला गोळा पलीकडे पडला तर पल्ला कमी करायचा, अलीकडे पडला तर वाढवायचा आणि लक्ष्य सापडले की सर्व तोफांनी एकदम भडिमार करायचा. वाऱ्याचा वेग, हवेची घनता, दारूचे तापमान, इतकेच नव्हे तर नळीची झीज या साऱ्यांचा हिशेब धरावा लागतो. संगणकाने हे गणित झटपट सुटते, पण चुकीची माहिती भरली तर उत्तरही तितक्याच झटपट चुकते. पायदळ शत्रूच्या मोर्चाजवळ पोहोचलेले असताना अशी चूक आपल्याच जवानांच्या जिवावर बेतते.

कारगिलमध्ये १९९९ साली हीच कसोटी लागली. विरळ हवेत गोळा नेहमीच्या अंदाजापेक्षा दूर जाई, त्यामुळे मैदानी कोष्टके तशीच वापरून भागत नव्हते. त्या युद्धात तोफखान्याने सुमारे अडीच लाख गोळे, बॉम्ब व रॉकेट डागले. काही ठिकाणी बोफोर्स तोफा रणगाड्याप्रमाणे थेट नेम धरूनही चालविल्या गेल्या. या कामगिरीच्या स्मरणार्थ २०२२ मध्ये द्रासमधील 'पॉइंट ५१४०'ला 'गन हिल' असे नाव देण्यात आले.

धोका केवळ रणभूमीवरच असतो असे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये देवळालीत गोळीबाराच्या सरावादरम्यान गोळ्याचा स्फोट होऊन दोन अग्निवीरांचा मृत्यू झाला.

दरम्यान, तोफखान्यातील माणसे आणि तोफा दोन्ही बदलत आहेत. एप्रिल २०२३ मध्ये पाच महिला अधिकारी प्रथमच या दलात दाखल झाल्या. आणखी १०० 'वज्र' तोफांचा करार डिसेंबर २०२४ मध्ये झाला. पाठोपाठ मार्च २०२५ मध्ये देशी बनावटीच्या ३०७ 'अटॅग्ज' तोफांची मागणी नोंदविण्यात आली असून, त्यांतील मोठा वाटा पुण्याच्या भारत फोर्जकडे आहे.