सात की हात?

आवाजबंद खोलीचं जाड दार लागतं आणि बाहेरच्या रिक्षांचा गोंगाट तुटतो. आत सत्तरी ओलांडलेले आजोबा कानांवर हेडफोन चढवून बसलेत, हातात बटण. "अगदी बारीक आवाज आला तरी दाबायचं हं," काचेपलीकडून ऑडिऑलॉजिस्ट सांगते. आजोबांची उमेदीची वर्षं सगळी इचलकरंजीत मागाच्या खडखडाटात गेलेली.

सुरुवात १,००० हर्ट्‌झपासून. ऐकू आलं की आवाज १० डेसिबलने उतरवायचा, नाही आलं की ५ ने चढवायचा. आलेखावर उजव्या कानाची खूण लाल गोल, डाव्याची निळी फुली. २५० आणि ५०० ला बटण झटपट दाबलं जातं. २,००० च्या पुढे आवाज चढवतच न्यावा लागतो; ४,००० ला आजोबा नुसतेच काचेकडे बघतात. दोन्ही कानांच्या रेघा घाट उतरावा तशा खाली येतात. मग कानामागच्या हाडावर कंपक ठेवून पुन्हा तेच. तिथेही उतार तेवढाच. म्हणजे मळ नाही, पडदाही शाबूत, बिघाड अंतर्कर्णात.

तिथल्या शंखाकृती नळीत सुमारे १५,००० केशपेशी असतात. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशी, आणि सहसा त्याच आधी झडतात. पुन्हा उगवत नाहीत. वय, अनुवंश, मधुमेह, जेंटामायसिनसारखी औषधं, गोंगाट अशी कारणं एकमेकांत मिसळतात. गोंगाटाने रेघेत ४,००० च्या आसपास खड्डा पडतो खरा, पण म्हातारपणाच्या उतारात तो बुजतो. मागाने किती नेलं आणि वयाने किती, याचा हिशेब मग लागत नाही.

हॅरल्ड शुकनेक्ट या अमेरिकन कानतज्ज्ञाने मृतांच्या कानाची हाडं तपासून म्हातारपणी येणाऱ्या बहिरेपणाचे प्रकार पाडले. कुणाच्या केशपेशी जातात, कुणाची नस क्षीण होते, कुणाचा त्या पेशींना विद्युतभार पुरवणारा पट्टा सुकतो. नस गेली तर आवाज कळतो, शब्द कळत नाहीत. पट्टा सुकला तर रेघ सपाट येते आणि मोठ्याने बोललेलं बरंच समजतं. बहुतेकांत थोडं थोडं सगळंच.

आता शब्द. ऑडिऑलॉजिस्ट तोंडासमोर कागद धरते, ओठ दिसू नयेत म्हणून.

"सात."

"हात," आजोबा ठामपणे म्हणतात.

स्वर खालच्या पट्टीतले, ते पोहोचतात. स, श वरच्या पट्टीतले, ते गळतात. सुनेची तक्रार वेगळीच: "हळू बोललं तर ऐकू येत नाही, आणि जरा आवाज चढवला की म्हणतात, ओरडतेस कशाला!" दोन्ही खरं. केशपेशी गेल्यावर ऐकू न येणं आणि असह्य होणं यांतलं अंतरच आक्रसतं. म्हणून श्रवणयंत्रही सरसकट आवाज वाढवत नाही. आलेख बघून हव्या त्या पट्ट्यांत वाढवतं आणि मोठा आवाज दाबतं.

यंत्र दोन्ही कानांना लागेल, असं सांगितल्यावर आजोबा एकाची किंमत विचारतात.