ठासणीची की काडतुसाची?

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने पिकाच्या राखणीसाठी बंदूक मागायचे मनात आणले, की त्याला दोन प्रश्न पडतात. बंदूक मिळेल का, हा पहिला. आणि कोणती मागावी, हा दुसरा. ठासणीची की काडतुसाची? अमरावतीच्या राजकमल चौकात उभ्या असलेल्या वाचकाला हे ऐकून हसू येईल. जग कुठल्या कुठे गेले आणि हे गृहस्थ अजून ठासणीच्या बंदुकीचे काय घेऊन बसले आहेत! पण गंमत अशी की, हा प्रश्न कोणा हौशी माणसाच्या डोक्यातून निघालेला नाही. तो आपल्या कायद्याच्या पुस्तकातच छापलेला आहे.

१९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याचे तेरावे कलम काढून पाहावे. खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी कोणी बंदूक मागितली, तर त्याला द्यायची ती ठासणीची, असे तिथे स्वच्छ म्हटले आहे. आणि पुढे एक पुस्ती जोडली आहे : एखाद्याच्या बाबतीत ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर त्याला गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येईल. म्हणजे तुमची ज्वारी, तूर नि हरभरा यांची राखण पूर्वजांच्या हत्याराने होते की नाही, ते आधी पाहायचे. नाहीच झाली तर मग काडतूस.

ठासणीची बंदूक ज्यांनी केवळ चित्रांत किंवा किल्ल्यावरच्या संग्रहालयात पाहिली असेल, त्यांच्यासाठी चार शब्द सांगतो. हिचा सगळा कारभार तोंडाकडून चालतो. नळीच्या तोंडातून आधी मापाची दारू ओतायची, वर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा दाबायचा, मग शिशाची गोळी किंवा छर्रे, आणि ते घरंगळू नयेत म्हणून पुन्हा बोळा. हे सारे लांब गजाने तळापर्यंत ठासायचे, म्हणूनच ती ठासणीची. मग मागच्या बाजूला एका बारीक नळकांड्यावर तांब्याची टोपी बसवायची. घोडा त्या टोपीवर आपटला की ठिणगी आत जाते आणि बार उडतो. एक बार झाला की पुन्हा पहिल्यापासून सारे आले. हात बसलेला माणूसही एका बाराला अर्धा-पाऊण मिनिट घेतो. अंधारात, थंडीने बोटे आखडलेली असताना तर विचारूच नका. तेवढ्यात रानडुकरांचा कळप हरभऱ्यातून निघून शेजाऱ्याच्या तुरीत शिरलेला असतो.

ही टोपी येण्यापूर्वी चकमक होती आणि तिच्याही आधी जळता तोडा. टोपीचा मूळ शोध लावला तो एका पाद्रीबोवाने! स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या या पाद्र्याला पाखरे मारण्याचा नाद. चकमकीची ठिणगी पाहून पाखरे बार पोहोचण्याआधीच उडून जात, याचा त्याला राग आला. आघाताने पेट घेणारे रसायन वापरून त्याने नवी कळ बसवली आणि १८०७ साली तिचे पेटंट घेतले. ठासणीच्या बंदुकीचे पुढचे आयुष्य या शोधावर उभे राहिले. त्याच्या चारच वर्षे आधी, डिसेंबर १८०३ मध्ये, आर्थर वेलस्लीच्या फौजेने आपला गाविलगड घेतला, तेव्हा तिच्या शिपायांच्या खांद्यावर चकमकीच्याच बंदुका होत्या. त्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा नेम शंभर पावलांपलीकडे देवाच्या हवाली असे. तिकडे नरनाळ्यावर जी नऊगजी तोफ लोक मोठ्या कौतुकाने दाखवतात, तीही म्हटली तर ठासणीचीच, फक्त अंगाने थोर.

आता दुसरा फोर्साइथ. हा जेम्स, सैन्यातला कप्तान, पुढे मेळघाटाला लागून असलेल्या निमाड जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर. पचमढीला त्याने १८६२ मध्ये बांधलेला बंगला प्रसिद्ध आहे, आणि सातपुड्याच्या रानावरचा त्याचा इंग्रजी ग्रंथ १८७१ साली, म्हणजे तो वारला त्याच वर्षी, निघाला. पण या गृहस्थाने शिकारीच्या रायफलीवर एक वेगळे पुस्तकही लिहिले होते, ते फारसे कोणाला ठाऊक नसते. ठासणीच्या रायफलींत निवड कोणती करावी, हाच त्याचा विषय.

त्या काळी विलायतेत मोठा वाद माजला होता. नळीच्या आत नागमोडी खोबणी कोरल्या की गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि नेम सरळ राहतो, हे सर्वांना मान्य होते. भांडण होते ते पीळ किती घालावा यावर. १८५३ च्या एन्फील्ड रायफलीत, म्हणजे जिच्या चरबीच्या काडतुसांनी १८५७ चा वणवा पेटला तिच्यात, ७८ इंचांत एक फेरा असा पीळ होता. व्हिटवर्थ नावाच्या प्रख्यात यंत्रकाराने षट्कोनी नळी काढली, तिच्यात २० इंचांतच एक फेरा. लांबट गोळी तिच्यातून हजार यार्डांवर निशाण गाठी. नेमबाजीच्या मैदानात व्हिटवर्थचा जयजयकार चालला होता.

फोर्साइथ म्हणाला, मैदानात ठीक आहे. सातपुड्याच्या बांबूत हजार यार्ड दिसते कोणाला? जनावर दिसते ते पन्नास-शंभर पावलांवर, तेही क्षणभर. तिथे अंतराचा अंदाज घेऊन माशी वरखाली करायला सवड नसते. तेव्हा गोळी शंभर-दीडशे यार्डांपर्यंत जवळजवळ सरळ रेषेत जायला हवी. त्यासाठी वाटोळी, हलकी गोळी आणि तिच्यामागे भरपूर दारू. पण पीळ घट्ट असेल तर इतक्या जोराने सुटलेली गोळी खोबणीतून घसरून जाते. म्हणून त्याने पीळ सैल करायला सांगितले : १०४ इंचांत, म्हणजे साडेआठ फुटांहून अधिक लांबीत एक फेरा! नळी स्वतः अडीच-तीन फुटांची, म्हणजे गोळी बाहेर पडेपर्यंत पुरती एक गिरकीही घेत नाही. कागदावर हे विचित्र दिसते. पण त्या रानाला आणि त्या अंतराला ते अगदी बरोबर होते. हत्यार कुठे वापरायचे ते आधी पाहा, हा त्याचा हिशेब मला फार पटतो. दुर्दैव त्याचे एवढेच की, पुस्तकाची शाई वाळते न वाळते तोच मागून भरायच्या काडतुसी बंदुका आल्या आणि सारा वाद अडगळीत गेला.

अडगळीत गेला तो इकडे. अमेरिकेत मात्र तो पुन्हा बाहेर आला. तिकडच्या अनेक राज्यांत ठासणीच्या बंदुकीने शिकार करणाऱ्यांसाठी वेगळा हंगाम राखून ठेवतात, आणि त्या हौसेपायी नव्या धर्तीच्या ठासणीच्या रायफली निघाल्या. १९८५ साली मिसुरी राज्यातल्या टोनी नाइट याने टोपी नळीच्या थेट मागे बसवलेली रायफल बाजारात आणली. दिसायला अगदी आजची, दुर्बीणसुद्धा लावलेली, पण भरायची तोंडाकडूनच. आमच्या काही तरुण मित्रांना त्यांची चित्रे पाहून मोह होतो. त्यांना सांगायचे इतकेच की, आपल्या कायद्यातली पुस्ती गुळगुळीत नळीपुरती आहे. खोबणीची नळी आली की प्रकरण निराळे होते. शिवाय शिकार हा शब्दच आता आपल्याकडे उरलेला नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, फेब्रुवारी १९७४ मध्ये मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत गेला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने देण्याची सोयच संपली.

तेव्हा राहिली ती पिकाची राखण. आणि ती काही चेष्टेची गोष्ट नव्हे. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन घरात येते, कपाशीची वेचणी चालू असते, तूर फुलावर आणि हरभरा नुकताच उगवलेला. रोह्यांचा कळप एका रात्रीत कोवळा हरभरा खुडून टाकतो आणि जे खात नाही ते तुडवतो. डुक्कर तर मुळासकट उकरते. कर्ज काढून पेरलेले एकरभर रान सकाळी नांगरल्यासारखे दिसले, म्हणजे त्या घरातल्या मुलीची फी, म्हाताऱ्याचे औषध आणि पुढचे बियाणे, सारेच त्या रात्रीत गेलेले असते. शहरात बसून वन्यप्राण्यांवर प्रेम करणे सोपे. मीही करतो. पण जागलीला जाणाऱ्याच्या घरी एक रात्र काढून मग बोलावे.

अकोट भागातल्या एका म्हाताऱ्या जागल्याला मी विचारले, "बाबा, ठासणीची बरी की काडतुसाची?"

"जिचा आवाज मोठा ते बरी, भाऊ," तो म्हणाला. "डुक्कर काय नळी पाहून पयते?"

यात पुष्कळ तथ्य आहे. काळ्या दारूचा बार घुमतो, धूर निघतो आणि कळप पांगतो. एवढ्यानेच काम भागत असेल तर ठासणीची पुरते, आणि तिला काडतुसांचा खर्च नाही. पण मारायचा प्रसंग आला तर हिशेब उलटतो. मोठा रोही सव्वादोनशे किलोच्या पुढे जातो. बारा बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाचे सारखे बारा लाडू वळले तर त्यातला एक जिच्या नळीत नेमका बसेल ती. त्याचे वजन साधारण ३८ ग्रॅम. एवढी गोळीही गुळगुळीत नळीतून पन्नास पावलांपलीकडे नीट जाईल याची खात्री नसते, आणि छर्ऱ्यांनी तर मोठे जनावर नुसते जखमी होते. जखमी डुक्कर तुरीत दडून बसले आणि सकाळी त्याच तुरीत बायामाणसे निंदायला शिरली, तर काय होईल ते सांगायला नको. तिथे दुसरा बार लगेच टाकता येणारी दुनळी काडतुसीच हवी, आणि तीही सरावाच्या हातात. माझे मत विचाराल तर पळवून लावायला ठासणीची, मारायला ठासणीची कधीच नव्हे.

मारायलाही परवानगी निराळी लागते, हे पुष्कळांना माहीत नसते. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. उभ्या पिकाला धोका असेल तर वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमाखाली वनखात्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. रोही आणि रानडुक्कर यांच्यापुरती ही रीत महाराष्ट्र शासनाने २०१५ साली पुष्कळ सोपी केली. पण असे मारलेले जनावर सरकारजमा होते. ते घरी नेऊन रांधता येत नाही. आणि अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीवाचून मिळत नाही. नकाशा उघडून पाहा : मेळघाट, वान, नरनाळा, खाली काटेपूर्णा. जिथे जनावरांचा उपद्रव सर्वांत जास्त, नेमकी तीच गावे या वर्तुळात येतात. कायद्याला त्याचे कारण आहे, शेतकऱ्याला त्याचा जाच आहे, दोन्ही खरे.

म्हणून लोक दुसरे उपाय करतात. काही बरे, जसे सौर कुंपण, काही भयंकर. प्लॅस्टिकच्या नळीत कार्बाइड आणि पाणी घालून आवाज काढायची 'बंदूक' माकडे हाकायला निघाली आणि तिथून मुलांच्या हाती गेली. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि मध्य प्रदेशातल्या इतर गावी तिने कितीतरी मुलांचे डोळे दुखावले. सीमेपलीकडे घडले म्हणून आपण निर्धास्त राहू नये.

आता शहरातल्या वाचकांच्या थेट कामाचे. वऱ्हाडातल्या पुष्कळ घरांत आजोबांची ठासणीची बंदूक माजघरात खुंटीला आहे. आजोबा गेले, शेत बटईने दिले, नातू पुण्याला. बंदूक तिथेच. ती जुनी आहे म्हणून परवाना नको, अशी समजूत सर्वत्र आहे आणि ती चूक आहे. दुरुस्त करूनसुद्धा जिचा बार उडणारच नाही, अशाच जुनाट हत्याराला कायदा सूट देतो. एरवी परवानाधारक वारला की वारसाने बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करायची, आणि ठेवायची असेल तर आपल्या नावाने अर्ज करायचा. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत पाच वर्षांची आहे. ठेवायचीच असली तर निगाही ठेवा : काळ्या दारूची काजळी हवेतले पाणी ओढते, म्हणून बार झाल्यावर नळी कढत पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल द्यावे लागते, नाही तर एका पावसाळ्यात ती आतून खाल्ली जाते. आणि काडतूस फोडून त्यातली बिनधुराची दारू ठासणीत कधीही घालू नये; तिचा दाब ही नळी सोसत नाही, ती फाटते.

खुंटीवरून बंदूक काढण्याआधी मात्र एक गोष्ट. ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून कळत नाही. काडतुसीसारखी ती मोडून आत डोकावता येत नाही. डुकरासाठी भरलेला बार उडवायचा राहून गेला, टोपी काढून ठेवली आणि बंदूक खुंटीला गेली, असे जुन्या घरांत होत असे. काळी दारू कोरडी राहिली तर चाळीस-पन्नास वर्षांनीही पेट घेते. मुलांना दूर करावे, तोंड माणसांकडे येऊ देऊ नये, चापाला हात लावू नये. जाणत्या माणसाने गज हळूच आत सोडून तोंडापाशी खूण करावी आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहावा. तो टोपीच्या जागेपासून तीन-चार बोटे अलीकडेच थांबत असेल, तर बार आत आहे. तो घरी उकरायच्या भानगडीत पडू नये. परवाना असलेल्या बंदूक-कारागिराला बोलवावे, आणि ठाण्यात न्यायची असेल तर अंमलदाराला आधी सांगावे की, ही भरलेली आहे.