रिटोनाविर आणि झोपेची गोळी
(औषधांची भांडणं : लेखांक ६)

मागच्या आठवड्यात दारू आणि झोपेच्या गोळ्यांबद्दल लिहिलं होतं. दोन्ही गुंगी आणतात, त्यामुळे तो धोका समजायला सोपा. आजची जोडी फसवी आहे. हिच्यातलं एक औषध कुणाला झोपवण्यासाठी दिलंच जात नाही.

रिटोनाविर हे एचआयव्हीवरचं औषध १९९६ साली अमेरिकेत मंजूर झालं. पूर्ण मात्रेत मळमळ आणि जुलाब इतके व्हायचे, की अनेक रुग्णांना ते सोसत नसे. पण त्याचा एक गुण ध्यानात आला. यकृतात आणि आतड्याच्या अस्तरात सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम असतं. ते असंख्य औषधं मोडून शरीराबाहेर काढायला मदत करतं. रिटोनाविर त्यालाच जखडून ठेवतं. मग थोडंसं रिटोनाविर सोबत दिलं, की दुसरं विषाणुरोधक औषध रक्तात जास्त वेळ टिकतं. लोपिनाविर आणि अटाझानाविर यांच्या जोडीला ते असतं ते यासाठीच. कोविडवरच्या पॅक्सलोविडमध्येही तेच आहे.

पण जखडलेलं एन्झाइम आपलं-परकं ओळखत नाही. मिडाझोलाम, ट्रायझोलाम, अल्प्राझोलाम या झोपेच्या आणि गुंगीच्या औषधांचा निचराही तेच करतं. निरोगी माणसांवरच्या एका अभ्यासात ट्रायझोलामची रक्तातली पातळी निम्म्यावर यायला एरवी सुमारे ३ तास लागत. रिटोनाविरसोबत ४१ तास लागले. रात्री घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशीही अंगात, त्यावर रात्रीची पुढची गोळी! अल्प्राझोलामच्या बाबतीत हाच काळ १३ तासांवरून ३० वर गेला. गंमत अशी, की रिटोनाविर बरेच दिवस चालू राहिलं तर अल्प्राझोलामवरचा हा परिणाम बराच ओसरतो. म्हणजे सुरुवातीचे दिवस जास्त जोखमीचे, आणि पॅक्सलोविडचा कोर्स असतोच पाच दिवसांचा. अतिगुंगी, तोल जाऊन पडणं, श्वास मंदावणं हे परिणाम वयस्कर माणसांत लवकर दिसतात. ट्रायझोलाम आणि पोटातून दिलेलं मिडाझोलाम तर रिटोनाविरसोबत वर्ज्यच आहेत.

माझ्या मते खरी अडचण रसायनात कमी, लपवालपवीत जास्त आहे. एचआयव्हीच्या गोळ्या एआरटी (एचआयव्हीवरचा औषधोपचार) केंद्रातून मिळतात, झोपेची गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून. दोन्ही चिठ्ठ्या एका टेबलावर येतच नाहीत. एंडोस्कोपीच्या आधी गुंगीचं इंजेक्शन बहुधा मिडाझोलामचंच असतं, आणि तिथेही लाजेपोटी माणूस गप्प राहतो. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे, हे अनेकांना ठाऊकच नसतं.

एआरटीवरच्या प्रत्येकाने घाबरायचं कारण नाही. आपल्याकडे आता पहिल्या फळीत असलेलं डोल्युटेग्राविर हे एन्झाइम अडवत नाही. झोपेचं औषध लागणारच असेल, तर दुसऱ्या वाटेने निचरा होणारं लोराझेपामसारखं औषध डॉक्टर निवडू शकतात.

मात्र हा लेख वाचून रोजची झोपेची गोळी एकदम बंद करू नका. त्याने फिट येऊ शकते. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा, भूल देणाऱ्यांनाही.