दुधाचा वाडगा आणि तंबूची मेख

बायबलच्या जुन्या करारात ‘शास्ते’ नावाचं पुस्तक आहे. त्यातली याएलची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा, खरं सांगते मैत्रिणींनो, मला ती बाई मुळीच आवडली नाही.

सीसरा हा कनानी राजाचा सेनापती. पदरी ९०० लोखंडी रथ. त्या राजानं इस्राएली लोकांना २० वर्षं छळलं. शेवटी दबोरा नावाच्या बाईच्या सांगण्यावरून ते लढले, आणि सीसरा रथ सोडून पायीच पळत सुटला. वाटेत याएलचा तंबू. तिच्या नवऱ्याच्या घराण्याचं नि त्या राजाचं सख्य होतं, त्यामुळे भीतीचं कारणच नव्हतं. तिनंच सामोरं जाऊन त्याला आत बोलावलं. त्यानं पाणी मागितलं, तिनं दूध दिलं, अंगावर पांघरूण घातलं. तो गाढ झोपल्यावर हातोडा घेऊन ती हलक्या पावलांनी आली आणि तंबूची मेख त्याच्या कानशिलातून थेट जमिनीत ठोकली!

आपण दिलेलं दूध पाहुण्याच्या पोटात असताना? आपल्याकडे तर दारात आलेल्या वैऱ्यालाही आधी पाणी विचारतात. आणि तिनं हे का केलं, त्याबद्दल ग्रंथात एक अक्षर नाही.

पुढच्याच अध्यायात दबोराचं विजयगीत आहे. हिब्रूतल्या अगदी जुन्या काव्यांत ते मोजतात. त्यात याएलला चक्क धन्य म्हटलंय! पण मी थबकले ते त्याच्या शेवटाशी. तिथे सीसराची आई खिडकीत उभी आहे. लेकाचा रथ अजून कसा आला नाही, म्हणून जीव टांगणीला लागलेला. जवळच्या शहाण्या बायका समजूत घालतात, लूट वाटून घेत असतील, एकेका शिपायाला एकदोन पोरी, शिवाय रंगीत, नक्षीची वस्त्रं... आई स्वतःलाही तेच समजावते.

पोरी आणि कापडं, एकाच यादीत! आणि यादी करणाऱ्या कोण, तर बायकाच.

इटलीची चित्रकार आर्तेमिसिया जेंतिलेस्की हिनं १६२० मध्ये याएल रंगवली. ते चित्र बुडापेस्टच्या संग्रहालयात आहे. तिच्यावर स्वतःवर बलात्कार झाला होता, १६१२ मध्ये रोममध्ये त्याचा खटला चालला. तिच्या चित्रातली याएल ना संतापलेली, ना घाबरलेली. घरातलं एखादं काम उरकावं तशी गुडघ्यांवर बसून हातोडा उगारतेय.

इस्रायलमध्ये आजही मुलींचं नाव हौसेनं याएल ठेवतात. सीसराच्या आईचं नाव मात्र ग्रंथात कुठेच नाही.